फारकत नवरा-बायकोची, लेकराची नाही



मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी येते. कारण काय? "पोराला ॲडमिट केलंय." ताईची फारकत झालेली, पोर तिच्याजवळ. बापाकडे मागितलंस का, असं विचारलं की म्हणते, "काही मागणार नाही म्हणून कागदावर सही दिलीय मी."

इथंच आपण फसतो. आईनं स्वतःचा हक्क सोडला तरी लेकराचा हक्क सुटत नाही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ नुसार पोटगीत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षणाबरोबर औषधोपचारही येतो आणि ही जबाबदारी आई-बाप दोघांची आहे. धर्म कोणताही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं कलम १२५) लहान मुलांसाठी पोटगी मागता येते. अर्ज आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो.

मग खर्च निम्मा-निम्मा का? तसा ठरलेला आकडा कायद्यात नाही. कोर्ट दोघांची कमाई बघतं. समजा, बाप महिन्याला १५,००० कमावतो आणि आई ५,०००. कमाईच्या प्रमाणात वाटणी केली, तर ८,००० च्या बिलात बापाचे ६,००० आणि आईचे २,००० होतात.

एवढं लक्षात ठेवा:

१. तडजोड करताना दवाखान्याचा खर्च वेगळा लिहून घ्या. कुणाचा किती वाटा आणि बिल दाखवल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे, हेही लिहा.

२. पक्कं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. बिलाचा फोटो बापाला पाठवा. पैसे शक्यतो बँक खात्यावरच घ्या.

३. आजारपणामुळे खर्च वाढला, तर पोटगी वाढवून मागता येते. कलम १४४ ची पोटगी थकली, तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा.

४. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

लेकरू आजारी असताना गटाचं कर्ज जरूर घ्या, आधी उपचार करा. पण बिल फाडून टाकू नका. त्या कर्जाचा हप्ता एकट्या आईनंच का फेडायचा?