रुळांवरचा अडसर

जुन्या वाड्यात वावरलेल्या वाचकाला अडसर समजावून सांगायला नको. दरवाजामागच्या भिंतीत खोबण असते, तिच्यात लाकडी वासा सरकवलेला असतो. दिवसभर तो भिंतीत गडप. रात्री बाहेर ओढून समोरच्या भोकात घातला की दार पक्के. हाच अडसर मला इंग्लंडमधल्या एका रेल्वेमार्गाच्या छायाचित्रात भेटला. रुळांच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे भलेथोरले ठोकळे आणि त्यांच्या आतल्या अंगाला समोरासमोर खाचा. फलाटाचे अवशेष म्हणावेत, तर आसपास स्टेशन नव्हते. शोध घेतल्यावर कळले, की ही १९४० सालची रणगाडे अडवण्याची योजना आहे. रेल्वेमार्गावर रणगाडा कशाला येईल, या प्रश्नाने मग मला बरेच दिवस धरून ठेवले.

त्यासाठी त्या सालचा मे महिना आठवावा लागतो. २० मे १९४० रोजी जर्मन रणगाडे फ्रान्समधून मुसंडी मारत ॲबव्हिलपाशी, समुद्रकिनाऱ्याजवळ येऊन ठेपले. डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक माघारी आणण्यात ब्रिटनला यश आले. पण फौजेच्या तोफा, वाहने आणि रणगाडे बहुतांशी तिकडेच राहिले. मायदेशाच्या संरक्षणाची जबाबदारी २७ मे रोजी जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्यावर आली. रणगाड्याला रणगाड्याने उत्तर देण्याइतके बळ हाती नव्हते, तेव्हा त्यांनी जमिनीचाच आधार घेतला. नद्या, कालवे आणि रेल्वेचे भराव एकमेकांना जोडून अडथळ्यांच्या रेषा आखल्या गेल्या. त्यांना ‘स्टॉप लाइन’ म्हणत.

नैऋत्य इंग्लंडमधली टॉन्टन स्टॉप लाइन ही त्यांतलीच एक. ब्रिस्टलच्या खाडीपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या सीटनपर्यंत, सुमारे ८० किलोमीटर. तिच्यात पॅरेट नदी आहे, ब्रिजवॉटर-टॉन्टन कालवा आहे, ॲक्स नदी आहे आणि मधल्या टप्प्यात चार्डचा रेल्वेमार्गही आहे. भरावाचा उतार तीव्र असला, तर तो आडवा चढून जाणे रणगाड्यालाही जड जाते. हा तर आयता तटच झाला.

पण तटाला दरवाजा असतो, आणि शत्रूची नजर आधी दरवाजावर जाते. एखादा रेल्वेमार्ग जिथे ही रेषा छेदून पलीकडे जाई, तिथे नदीवर पूल बांधलेला होता, पाणथळ जमिनीवर भराव घातलेला होता, टेकडी आधीच कापलेली होती. चढ सौम्य, वाट सरळ. रणगाड्याला रुळांचे वावडे नाही. स्लीपरांवरून गचके खात का होईना, तो पुढे जातो. गाडीसाठी केलेली सगळी सोय शत्रूच्याही कामाची होती.

मग ही वाट दोन्हीकडून काँक्रीट घालून अरुंद का करू नये? इथे मापे आडवी येतात. ब्रिटिश रेल्वेचा डबा रुंदीला साधारण पावणेतीन मीटर. जर्मनांचे मोठे रणगाडे सुमारे २.९ मीटर रुंद, तर चेक बनावटीचे हलके रणगाडे अवघे २.१ मीटरच्या आसपास. डब्याच्या दोन्ही अंगांना थोडी मोकळीक ठेवावीच लागते. म्हणजे जिथून गाडी जाईल, तिथून रणगाडाही जाईल. कायमचा अडथळा उभारणे म्हणजे स्वतःचीच गाडी बंद करणे. म्हणून काढता-घालता येणारा अडथळा हवा होता.

तो दोन प्रकारांनी केला गेला. एका प्रकारात ठोकळ्यांच्या खाचांमध्ये पोलादी तुळया आडव्या बसवायच्या. हा तर आपला अडसरच. दुसऱ्यात रुळांच्या मधोमध आणि बाजूंना काँक्रीटमध्ये खोबणी करून ठेवायच्या आणि वेळ येताच त्यांत रुळांचे तुकडे उभे रोवायचे. काही तुकडे सरळ, काही केसांच्या आकड्यासारखे वाकवलेले. तेव्हाचा प्रचलित ब्रिटिश रूळ यार्डाला ९५ पौंड भरे. त्या हिशेबाने ६ फुटांचा तुकडा १९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ८६ किलोंचा. असे अनेक तुकडे, कदाचित अंधारात, हातांनी उचलून बसवायचे.

हे हात कोणाचे? बरेचदा स्थानिक स्वयंसेवकांचे. १४ मे रोजी त्यांच्या दलाची घोषणा झाली. पुढे तेच ‘होम गार्ड’ झाले. रेल्वे कर्मचाऱ्यांचीही त्यात स्वतंत्र पथके होती. त्यांच्यापुढचा खरा पेच वजनाचा नव्हता, वेळेचा होता. अडसर लवकर घातला, तर आपल्याच सैन्याची आणि दारूगोळ्याची गाडी अडणार; उशीर झाला, तर घालून उपयोग नाही.

हा पेच किती नाजूक होता, ते ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री दिसले. ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक शब्द सुटला. त्याचा अर्थ, आक्रमण जवळ आले आहे, सज्ज राहा. अनेकांनी तो ‘आक्रमण झाले’ असा घेतला. काही गावांत चर्चच्या घंटा वाजल्या, काही ठिकाणी पूलही उडवले गेले. शत्रू आलाच नव्हता.

त्याआधी जुलैमध्येच आयर्नसाइड यांच्या जागी जनरल ॲलन ब्रूक आले होते. त्यांचा भर स्थिर रेषांऐवजी वेगाने हलणाऱ्या राखीव फौजेवर होता, आणि रस्तोरस्ती उभे केलेले अडथळे त्याच फौजेची वाट अडवणारे होते. स्टॉप लाइनचे महत्त्व ओसरत गेले.

चार्डच्या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९६२ साली थांबली. आज त्या वाटेच्या काही भागावरून सायकली जातात आणि त्या सायकलमार्गाचे नाव ‘स्टॉप लाइन वे’ आहे. अशा अवशेषांची नोंद १९९५ ते २००२ या काळात ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्पाने केली. जवळजवळ २०,००० जागा नोंदल्या गेल्या, त्या मुख्यतः हौशी स्वयंसेवकांच्या पायपिटीतून. विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचा आधार वाटतो.

त्या खाचांमध्ये आता शेवाळ साठले असेल. त्यांच्यावर एकाही रणगाड्याने धडक दिली नाही, म्हणून त्या वाया गेल्या असे मला म्हणवत नाही. वाड्यातला अडसरही चोर येवो न येवो, रोज रात्री लावला जाई. आणि सकाळी आठवणीने काढलाही जाई, कारण दार उघडावे लागतेच.