विश्लेषण : नियम आठवड्याला ४८ तासांचा, मग निवासी डॉक्टर सलग ३६ तास ड्युटीवर कसे?

मध्यरात्री अपघातातला जखमी घेऊन सरकारी रुग्णालयात गेलात, तर त्याला सर्वांत आधी तपासणारा डॉक्टर बहुतेक वेळा अजून शिकत असतो. एमबीबीएस झालेला, आता एमडी किंवा एमएस करणारा निवासी डॉक्टर. तो आदल्या सकाळपासून ड्युटीवर असण्याची शक्यता बरीच असते. रात्र सरली की सुटका, असेही नाही. सकाळचा राउंड, मग ओपीडी, मग नव्याने दाखल झालेल्यांचे कागद. खोलीवर पोहोचेपर्यंत पुन्हा संध्याकाळ झालेली असते.

नियम आहे की नाही?

आहे, आणि तो ३० वर्षांहून जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी एकसमान योजना आणली. कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, आठवड्याची एक सुटी मिळावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र ‘साधारणपणे’ आणि ‘कामाच्या निकडीनुसार’ हे शब्दही त्यातच आहेत. सरकारी रुग्णालयात निकड कधी नसते?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर तासांचा आकडाच नाही. कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि विश्रांतीला ‘वाजवी’ वेळ मिळावा, एवढेच. वाजवी म्हणजे किती, हे विभागप्रमुखावर अवलंबून.

आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यातील सुमारे ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करत असल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. आठवड्याला ७४ तासांची मर्यादा घाला, अशी शिफारस दलाने केली. म्हणजे १९९२ च्या मर्यादेपेक्षा २६ तास जास्त, आणि तरीही ती सवलत वाटावी, अशी स्थिती.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा का?

नाही. थकवा झोपेने जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. यातले दुसरे रुग्णाला लगेच जाणवते. त्याचे नाव मागे पडते आणि तो ‘सात नंबरचा बेड’ होतो. नातेवाईक त्याला डॉक्टरचा उद्धटपणा म्हणतात.

घराशी संघर्ष कुठे होतो?

एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग नीट-पीजीची तयारी. निवासी डॉक्टर होईपर्यंत वय २६-२७ झालेले असते. लग्न, पहिले मूल, आई-वडिलांचे दुखणेखुपणे हे सारे नेमके याच तीन वर्षांत येते. प्रवेश अखिल भारतीय कोट्यातून असेल, तर नवरा एका शहरात आणि बायको दुसऱ्या राज्यात, हेही नेहमीचेच. दोघे एकाच कॉलेजात असले, तरी विवाहितांसाठी वेगळी खोली क्वचितच मिळते. महाराष्ट्रात ‘मार्ड’च्या संपांत विद्यावेतनाबरोबर वसतिगृहाची मागणी पुन्हा पुन्हा येते, ती उगाच नव्हे.

स्त्री डॉक्टरांचा पेच आणखी अवघड. प्रसूती रजा नियमाने मिळते, पण त्या काळापुरते प्रशिक्षण लांबते. शिवाय तिच्या वाट्याच्या रात्रपाळ्या त्याच युनिटमधल्या सहकाऱ्यांवर पडतात, कारण बदली डॉक्टर कोणी देत नाही. त्यामुळे रजा हा हक्क न राहता मैत्रिणीवर टाकलेले ओझे वाटू लागते. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तरी गावी जायला सही हवी ती वरिष्ठांची. प्रबंधही त्यांच्याच हाताखाली पूर्ण करायचा असतो. ‘आम्हीही असेच दिवस काढले’ हे उत्तर तयार असते.

याच्याशी रुग्णाचा काय संबंध?

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामातली चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असे १९९७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. २००४ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागात तुलना झाली, तेव्हा २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या प्रथम वर्षाच्या डॉक्टरांकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या.

तास कमी केले की प्रश्न सुटेल?

अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन या १८ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. देशभर ८० तासांची मर्यादा यायला २००३ उजाडले. नंतर एक अडचण पुढे आली : पाळ्या लहान झाल्या की रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जास्त वेळा सोपवला जातो आणि त्यात माहिती गळते. पण याला उपाय आहे. रुग्ण सोपवताना काय सांगायचे, याची ठरलेली पद्धत लावता येते.

आपल्याकडची अडचण त्याआधीची आहे. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रक्तपेढीत खेटे घालणे, प्रसंगी ट्रॉली ढकलणे हीसुद्धा डॉक्टरचीच कामे होऊन बसली आहेत. ही कामे करायला माणसे नेमली, तर एकही नवा डॉक्टर न आणता रोजचे काही तास मोकळे होतील.

सध्या मदत कुठे मिळते?

केंद्राची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सुरू असते. ती सर्वांसाठी आहे आणि मराठीतही बोलता येते. दरम्यान, शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याकडून लाखो रुपये वसूल करणारी बंधपत्राची अट काढून टाकावी, असे आयोगाने २०२४ च्या जानेवारीत राज्यांना कळवले आहे. निर्णय राज्यांच्या हाती आहे.