विटाळ आणि संसर्ग : अमेरिकेतील शाळांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे सुरक्षा-प्रशिक्षण

साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना बालवयातील भीमरावांना तहान लागली, तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेचा शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे. बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाट संध्याकाळी परत न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत हे नोंदवून ठेवले आहे. आपण ही हकीकत अनेकदा वाचली आणि आपल्या मुलांनाही सांगितली. मात्र तिच्यातील शिपाई आणि झाडणारा नोकर यांच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या दोघांना एक पक्की शिकवण मिळालेली होती. ती कोणत्याही वर्गात दिली गेली नव्हती, तिचे प्रमाणपत्र नव्हते. तरी कशाला शिवायचे आणि कोणाला शिवायचे नाही, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते.

शाळेतील शिक्षकेतर कर्मचाऱ्याला काय शिकवले जाते, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही. मूल पाणी पिते की नाही, पडल्यावर त्याला कोण उचलते, त्याच्या ताटात काय पडते, त्याच्या वर्गाची फरशी कशाने पुसली जाते, हे सारे या माणसांच्या हातांत असते. अमेरिकेत आलेल्या आपल्या कुटुंबांचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. आपली मुले या शाळांत शिकतात. शिवाय एच-४ व्हिसावर आलेल्या स्त्रियांना २०१५ पासून काही अटींवर काम करण्याची परवानगी मिळू लागल्यावर आपल्या भगिनींपैकी काही जणी जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मदतनीस, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या साहाय्यक किंवा स्वयंपाकघरातील कर्मचारी म्हणून शाळांत काम करू लागल्या. त्यांच्यासाठी हा विषय रोजच्या कामाचा आहे.

रक्त कोणाचे, हा प्रश्नच नाही

मैदानावर एखाद्या मुलाचे नाक फुटते आणि रक्त फरशीवर सांडते. अशा प्रसंगी काय करावे, याचा अमेरिकेतील मूळ नियम १९९१ सालचा आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंविषयीचा हा नियम व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने, म्हणजे ‘ओशा’ने, केला. त्याचा पाया ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ या तत्त्वावर उभा आहे. त्याचा अर्थ असा की समोरचे रक्त कोणाचे आहे याचा विचारच करायचा नाही. प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे गृहीत धरून हातमोजे घालायचे. मूल श्रीमंताचे असो वा गरिबाचे, गोरे असो वा काळे, ओळखीचे असो वा अनोळखी, रीत एकच. हातमोजे घालावे, सांडलेले रक्त शोषून घ्यावे, जंतुनाशक टाकून ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओले राहू द्यावे, हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे काढावे आणि साबणाने हात धुवावेत.

थोडे थांबून पाहिले तर हे तत्त्व विटाळाच्या नेमके उलट आहे हे ध्यानात येते. विटाळ माणसाला चिकटवला जातो, जन्मभर टिकतो आणि साबणाने जात नाही. संसर्ग पदार्थात असतो, त्याला काळाची मर्यादा असते आणि तो योग्य रीतीने नाहीसा करता येतो. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच वाळलेला डागही त्याच काळजीने पुसायचा असतो. विटाळाची शिकवण सांगते, त्या माणसापासून दूर राहा. सुरक्षेची शिकवण सांगते, त्या माणसाजवळ जा, त्याला मदत कर, फक्त हातमोजे घालून जा.

गिरणी कामगारांच्या इतिहासात या दोन शिकवणींचा फरक एकाच वस्तूत पाहावयास मिळतो. ती वस्तू म्हणजे विणकामाचा धोटा. त्यातून सूत ओवताना विणकराला ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागत असल्याने रोग पसरण्याचा धोका होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्याच्या वापरावर कायद्याने बंदी घातली, ती सर्व कामगारांच्या आरोग्यासाठी. मुंबईच्या गिरण्यांत मात्र तोंडाने सूत ओढण्याची पद्धत चालू राहिली आणि अस्पृश्य कामगारांनाच विणकाम खात्यातून दूर ठेवले गेले. चांगली मजुरी देणाऱ्या त्या खात्याची दारे बंद असल्याचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात मांडला. एका ठिकाणी धोका ओळखून वस्तू बदलली गेली. दुसऱ्या ठिकाणी वस्तू तशीच ठेवून माणसे वगळली गेली.

कायदा काय देतो

१९९१ च्या नियमाने केवळ हातमोजे दिले नाहीत. ज्या कर्मचाऱ्याचा कामाचा भाग म्हणून रक्ताशी संबंध येऊ शकतो, त्याला काम सुरू झाल्यापासून १० कामकाजी दिवसांच्या आत हेपटायटिस बीची लस विनामूल्य देऊ केली पाहिजे. प्रशिक्षण दरवर्षी, कामाच्या वेळेत आणि कर्मचाऱ्याला कोणताही खर्च न पडता झाले पाहिजे. डोळ्यात किंवा जखमेत रक्त गेले तर तत्काळ वैद्यकीय तपासणी मिळाली पाहिजे व तिची गोपनीयता राखली गेली पाहिजे.

इतर नियमही आहेत. १९८६ च्या ॲस्बेस्टॉसविषयक कायद्यानुसार शाळेच्या इमारतीची दर ३ वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. ॲस्बेस्टॉस असलेल्या इमारतीत सफाई व देखभालीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला नेमणुकीपासून ६० दिवसांच्या आत किमान २ तासांचे जागृती-प्रशिक्षण द्यावे लागते, आणि ज्यांच्या कामामुळे ॲस्बेस्टॉस हलू शकते त्यांना आणखी १४ तासांचे. जुन्या फरशीवर यंत्र फिरवणाऱ्या किंवा छताला भोक पाडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हे तास आहेत. शालेय भोजनाच्या बाबतीत १ जुलै २०१५ पासून वार्षिक प्रशिक्षणाचे तास ठरवून दिलेले आहेत : संचालकांना १२, व्यवस्थापकांना १०, कर्मचाऱ्यांना ६ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांना ४. अन्नाच्या ॲलर्जीची माहिती येथे फार महत्त्वाची ठरते. १ जानेवारी २०२३ पासून तिळाचाही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत समावेश झाला असून असे पदार्थ आता ९ झाले आहेत. आपल्या डब्यातील तिळाची चटणी शेजारच्या मुलासाठी धोक्याची असू शकते, हे मदतनीस बाईंना आणि आपल्यालाही ठाऊक असावे.

चिठ्ठी नसलेला डबा

सफाईच्या रसायनांचे प्रशिक्षण पुष्कळांना कंटाळवाणे वाटते. ब्लीच आणि अमोनिया एकत्र करू नये, ब्लीच आणि आम्ल एकत्र करू नये, मोठ्या डब्यातील द्रव लहान बाटलीत ओतला तर तिच्यावर नाव लिहावे, अशा त्यातील सूचना वरवर साध्या असतात. पहिल्या मिश्रणातून क्लोरामाइन आणि दुसऱ्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद स्वच्छतागृहात वाकून काम करणाऱ्याला तो श्वासावाटे घ्यावा लागतो.

चिठ्ठीचे महत्त्व किती, हे १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्याच्या गंडामन गावात दिसले. प्राथमिक शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाचा वास आणि रंग वेगळा वाटतो, असे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सांगितले होते, पण त्यांना स्वयंपाक पुढे चालू ठेवण्यास सांगण्यात आले, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. मोनोक्रोटोफॉस हे नाव विदर्भातील वाचकांना नवे नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा ते पुन्हा चर्चेत आले होते.

गंडामनच्या स्वयंपाकघरात धोका ओळखणारे नाक होते. जे नव्हते ते थांबण्याचा अधिकार. म्हणून सुरक्षा-प्रशिक्षण म्हणजे केवळ माहिती नव्हे. ‘हे मी वापरणार नाही, आधी तपासा’ असे सर्वांत खालच्या पायरीवरील कर्मचारी म्हणू शकेल आणि त्याचे म्हणणे ऐकले जाईल, अशी व्यवस्था नसेल तर सारी माहिती निरुपयोगी ठरते.

नियम कोणासाठी, कोणासाठी नाही

अमेरिकेचा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायदा २९ डिसेंबर १९७० रोजी संमत झाला व २८ एप्रिल १९७१ रोजी अमलात आला. त्याआधी, १ फेब्रुवारी १९६८ रोजी, मेंफिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा घेत असताना कचरागाडीच्या यंत्रात चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल रोजी त्याच शहरात मारले गेले. आपणही माणूस आहोत, एवढेच त्या कामगारांच्या हातांतील फलक सांगत होते. महाडच्या तळ्याकाठी १९२७ साली आपल्या पूर्वजांनी हेच सांगितले होते.

पण येथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मेंफिसचे ते कामगार नगरपालिकेचे होते, आणि १९७० च्या कायद्याची केंद्रीय अंमलबजावणी राज्य व स्थानिक सरकारच्या कर्मचाऱ्यांना आजही लागू नाही. सार्वजनिक शाळेचा कर्मचारी याच वर्गात मोडतो. ज्या राज्यांनी स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली आहे, तेथेच त्याला हे संरक्षण मिळते. २२ राज्ये व प्रदेशांत खाजगी आणि सरकारी अशा दोन्ही कर्मचाऱ्यांसाठी योजना आहे. कॅलिफोर्निया त्यांत येते. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेन आणि व्हर्जिन बेटे या ७ ठिकाणी खास सरकारी कर्मचाऱ्यांसाठी योजना आहे. टेक्सस, जॉर्जिया व पेनसिल्व्हेनिया येथे अशी मान्यताप्राप्त योजना नाही. टेक्ससने रसायनांच्या माहितीसाठी वेगळा राज्य कायदा केला आहे, परंतु सर्वच प्रश्न त्याने सुटत नाहीत. त्यामुळे एडिसनमधील शाळेत मदतनीस असलेल्या बहिणीला आणि डॅलसजवळच्या शाळेतील तिच्या मैत्रिणीला एकाच कामासाठी वेगवेगळे संरक्षण असते.

‘पूर्ण’ या शिक्क्याचा अर्थ

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे, म्हणून एक गोष्ट विशेष जाणवते. आज बरेचसे प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर दिले जाते. चित्रफीत संपली, दहा प्रश्नांची उत्तरे दिली, की प्रणालीत ‘पूर्ण’ असा शिक्का उमटतो. अशा प्रणाली कशा बांधल्या जातात हे आम्ही जाणतो. पडदा किती वेळ उघडा होता, हे ती अचूक मोजते. पाहणाऱ्याला काय उमगले, हे तिला कळत नाही. हातमोजे काढण्याची रीत हात वापरूनच शिकता येते. ॲलर्जीचा झटका आलेल्या मुलाला एपिनेफ्रिनचे इंजेक्शन देण्याचा सराव खोट्या पेनवर केलेला असेल तरच त्या क्षणी हात थरथरत नाहीत.

भाषेचाही प्रश्न आहे. प्रशिक्षण कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत व शब्दांत दिले पाहिजे, असे ‘ओशा’ने २०१० साली स्पष्ट केले. शाळांतील सफाई कर्मचाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे पुष्कळ असतात. न समजलेल्या भाषेतील चित्रफितीवर उमटलेला शिक्का कोणाचेच रक्षण करत नाही.

आपण काय करू शकतो

ज्या भगिनी व बंधू शाळेत काम करतात, त्यांनी पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी विचाराव्यात. माझ्या कामात रक्ताशी संबंध येतो असे शाळेने मानले आहे का? लस कधी मिळेल? हातमोजे कोठे ठेवले आहेत? प्रशिक्षणाच्या तासांचे वेतन मिळते का? अपघात कोणाला व किती वेळात कळवायचा? हे विचारणे म्हणजे तक्रार नव्हे. नोकरी नवी असते, इंग्रजीचा संकोच असतो, व्हिसाची धाकधूक असते. म्हणून हे प्रश्न आधी लिहून नेले तर बरे. पगारी कामात जे नियमाने मिळायला हवे, ते मागताना खाली मान घालण्याचे कारण नाही.

पालक म्हणूनही आपल्याला अधिकार आहेत. ॲस्बेस्टॉसचा व्यवस्थापन आराखडा कोणताही पालक पाहू शकतो. मागणी केल्यापासून ५ कामकाजी दिवसांच्या आत शाळेने तो दाखवला पाहिजे. शिक्षण मंडळाच्या खुल्या सभांत आपण गुणांविषयी आणि गणिताच्या वर्गांविषयी बोलतो. सफाई कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष प्रशिक्षण किती मिळते आणि कोणत्या भाषेत, हेही तेथे विचारता येते. ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी महानगरपालिकेत किंवा रेल्वेत झाडू हाती धरला, त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्याला वेगळे वजन येईल. त्या पिढीला हातमोजे कोणी दिले नाहीत. भारतात १९९३ आणि २०१३ चे कायदे असूनही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला नुकसानभरपाई ३० लाख रुपयांपर्यंत वाढवावी लागली, याचा अर्थच असा की मरण थांबलेले नाही.

अमेरिकेत २८ एप्रिल हा दिवस कामावर मृत्यू पावलेल्या कामगारांच्या स्मृतीसाठी पाळला जातो. आपली भीमजयंती त्याच्या दोन आठवडे आधी येते, आणि अनेक शहरांत ती शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन साजरी होते. त्या दिवशी सभागृह उघडणारा, खुर्च्या मांडणारा आणि आपण गेल्यावर फरशी पुसणारा एक माणूस तेथे असतो. या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत सुरक्षा-प्रशिक्षणासाठी एक तास राखून ठेवावा. समूहातील परिचारिका आणि डॉक्टरांनी हातमोजे व एपिनेफ्रिनच्या सरावाचे प्रात्यक्षिक द्यावे, शाळेत काम करणाऱ्या भगिनींनी आपले अनुभव सांगावेत. त्या माणसालाही आधी विचारून, त्याच्या सोयीने, जेवणाच्या पंक्तीत आणि त्या तासालाही आपल्यासोबत बसवावे. त्याला जे माहीत आहे ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नसेल.