अडकलेलं मशीन कुणाची वाट पाहतंय?

‘घरचं प्रोफाइल लावलं की लॅपटॉप हँग होतो’ अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: किती वेळ? बहुतेकांना ते सांगता येत नाही. ‘खूप वेळ’ म्हणतात, कारण तोवर बटण दाबून मशीन बंद केलेलं असतं. त्यासोबत पुरावाही पुसला जातो.

हँग झालेला प्रोग्रॅम सहसा कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेला असतो, आणि किती थांबायचं याची मुदत आधीच ठरलेली असते. लिनक्समध्ये या मुदती ओळखीच्या होतात. पाच-पाच सेकंदांचे थांबे दिसले की संशय डीएनएसवर. दीड मिनिटाने गाडं आपोआप पुढे सरकलं, तर सिस्टिमडी एखादी सेवा बंद व्हायची वाट पाहत होतं; त्याची मूळ मुदत 90 सेकंदांची. पंधरा मिनिटांच्या आसपास सुटका झाली तर टीसीपी. कधीच झाली नाही तर बहुधा एनएफएस.

अलीकडे हातात आलेल्या एका लॅपटॉपवर यातली तीन दुखणी एकत्र होती. ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये ठरावीक आयपी, ऑफिसचे डीएनएस सर्व्हर आणि सामायिक फाइलींचा एनएफएस माउंट; घरच्यात राउटर देईल ते. प्रोफाइल बदललं, ब्राउझर नीट चालला, पण फाइल मॅनेजर उघडेना. ‘डीएफ’ चालवलं तर तेही गप्प. ते प्रत्येक माउंटला जागा विचारतं, म्हणून त्याच खड्ड्यात पडतं. अशा वेळी प्रॉक फाइलसिस्टिममधली माउंटची यादी वाचावी. ती कर्नलच्या स्वतःच्या स्मृतीतून येते, सर्व्हरच्या दारात जात नाही. ‘पीएस’मध्ये फाइल मॅनेजरसमोर ‘डी’ होतं, आणि तो कर्नलमध्ये जिथे थांबला होता त्या फंक्शनचं नाव ‘आरपीसी वेट बिट किलेबल’. दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट. तो सर्व्हर ऑफिसात, आणि घरून तिकडे रस्ताच नाही. एनएफएसचा माउंट मुळात ‘हार्ड’ असतो: उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं, लिहिलेला मजकूर अर्ध्यावर टाकायचा नाही.

दुसरं दुखणं बॅकअपच्या प्रोग्रॅमचं. त्याला ‘एसट्रेस’ लावल्यावर पडद्यावर एक ओळ उमटून थांबली: पोल, मुदत 5000 मिलिसेकंद. पाच सेकंदांनी शेजारी ‘टाइमआउट’, मग पुन्हा तीच ओळ. त्याआधीच्या ‘कनेक्ट’च्या ओळीत प्रश्न कुणाला पाठवायचा तो पत्ता असतो. तो ऑफिसच्या डीएनएसचा निघाला. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये तर नवा पत्ता व्यवस्थित होता. पण हा प्रोग्रॅम जुनी ग्लिबसी, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सी लायब्ररी, पोटात घेऊन आलेला. 2017मध्ये आलेल्या 2.26 आवृत्तीआधीची ग्लिबसी ती फाइल एकदा वाचायची आणि बदलली तरी आपणहून पुन्हा बघायची नाही. बॅकअपची सेवा पुन्हा सुरू केली आणि ते थांबे गेले.

तिसरं, जोडण्यांची यादी देणाऱ्या ‘एसएस’मध्ये दिसलं. ऑफिसचा आयपी कार्डावरून उतरला होता, तरी त्याच आयपीवरची एक जोडणी ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून जिवंत. टाइमर दाखवायला सांगितलं की शेजारी पुन्हा पाठवण्याचा आकडा दिसतो. तो एकेकाने चढतो, प्रत्येक वेळचं अंतर दुप्पट होत दोन मिनिटांवर टेकतं, आणि मूळ सेटिंगप्रमाणे किमान 924 सेकंद गेल्याशिवाय कर्नल आशा सोडत नाही.

एनएफएसचा उपाय क्रमात आहे. नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचरमध्ये ‘प्री-डाउन’ नावाची पायरी आहे: जोडणी तुटायच्या आधी तिथली स्क्रिप्ट चालते आणि ती संपेपर्यंत नेटवर्कमॅनेजर थांबतो. माउंट तिथेच उतरवायचा. अनेक स्क्रिप्टांत नंतर ‘लेझी’ अनमाउंट करून वेळ मारून नेलेली दिसते. मला ते पटत नाही. माउंटचं नाव फोल्डरांच्या झाडावरून निघतं, पण आत अडकलेला प्रोग्रॅम अडकलेलाच राहतो.

केबल उपटली तर मात्र ‘प्री-डाउन’ चालतच नाही. तेवढ्यासाठी सगळं ‘सॉफ्ट’ करून टाकायचा मोह होतो. नुसत्या वाचायच्या फोल्डरांना मी तो मान्य करतो. जिथे माणसं लिहितात तिथे ‘हार्ड’च ठेवतो, कारण ‘सॉफ्ट’मध्ये मुदत संपली की लिहिणं अर्धवट राहू शकतं, आणि प्रोग्रॅमने एरर तपासली नाही तर ते कुणाला कळतही नाही.