संवादसेतू (संगणन)

संवादसेतू म्हणजे दोन किंवा अधिक भिन्न संदेशन प्रणालींवरील संभाषण-कक्ष परस्परांना जोडणारी आज्ञावली होय. एका कक्षातील संदेश घेऊन, दुसऱ्या प्रणालीच्या नियमांनुसार त्याचे रूपांतर करून तो तेथील कक्षात पोहोचवणे हे तिचे कार्य असते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या समुदायांमध्ये तिचा वापर विशेषत्वाने आढळतो. तेथील अनेक जुने सदस्य इंटरनेट रिले चॅट (आयआरसी) वापरतात, तर इतर काही मॅट्रिक्स, टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड पसंत करतात. सेतूच्या अभावी एकाच प्रकल्पाची चर्चा विभागली जाते.

पार्श्वभूमी

आयआरसीची निर्मिती यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात केली. १९९९ मध्ये पुढे आलेल्या जॅबर या प्रणालीत इतर संदेशसेवांशी जोडणारे दुवे होते. २०१४ साली सुरू झालेल्या मॅट्रिक्स या मुक्त मानकात विविध प्रणाली जोडणे हे आरंभापासूनच एक उद्दिष्ट मानले गेले. मॅटरब्रिज ही गो भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत आज्ञावली अनेक संदेशसेवांना एकत्र जोडते.

कार्यपद्धती

सेतूचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात एकच स्वयंचलित खाते सर्वांचे संदेश पोहोचवते व प्रत्येक संदेशापूर्वी मूळ लेखकाचे नाव जोडते. हा प्रकार उभारण्यास सोपा असला, तरी पलीकडच्या सदस्यांना सर्व संदेश एकाच खात्याकडून आलेले दिसतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक सदस्यासाठी पलीकडे स्वतंत्र प्रतिरूप खाते निर्माण केले जाते. त्यामुळे संभाषण स्वाभाविक वाटते. परंतु जोडण्यांची संख्या वाढून पलीकडील सेवेवर भार पडतो.

मर्यादा

आयआरसीच्या मूळ नियमानुसार एक संदेश आज्ञा व पत्त्यासह ५१२ बाइटांपेक्षा मोठा असू शकत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'नमस्कार' या शब्दास २१ बाइट लागतात. साहजिकच मराठी वा हिंदी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत लवकर तुटतो. मॅट्रिक्सवर संदेश पाठवल्यानंतर दुरुस्त करता येतो. आयआरसीवर तशी सोय नसल्याने दुरुस्ती नवा संदेश म्हणून पाठवावी लागते. एकाच जोडीवर दोन सेतू चालू राहिल्यास संदेशांची पुनरावृत्ती होऊ शकते.

गोपनीयता आणि संमती

पारंपरिक आयआरसी सेवा संभाषणाचा इतिहास साठवत नाही. मॅट्रिक्स मात्र तो साठवते. त्यामुळे क्षणिक समजून लिहिलेला मजकूर सेतूपलीकडे दीर्घकाळ टिकू शकतो. तसेच कूटबद्ध संभाषण जोडताना सेतूला संदेश उलगडावा लागतो. म्हणजेच सेतू चालवणाऱ्यावर विश्वास ठेवणे अपरिहार्य ठरते.

हा प्रश्न लिबेरा चॅट या आयआरसी सेवेच्या बाबतीत ठळकपणे पुढे आला. मे २०२१ मध्ये फ्रीनोड सोडलेल्या स्वयंसेवकांनी ती स्थापन केली होती. तिच्याशी मॅट्रिक्सला जोडणाऱ्या मोठ्या सार्वजनिक सेतूमुळे अनेक वाहिन्या त्यांच्या चालकांनी स्वतः मागणी न करताही जोडल्या जात. अस्थिरता व गोपनीयतेच्या तक्रारींनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये हा सेतू बंद करण्यात आला आणि तो पुन्हा सुरू होणार नसल्याचे नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. परिणामी त्यावर विसंबलेल्या समुदायांपुढे स्वतःचा सेतू चालवणे, एकच माध्यम निवडणे किंवा विभागलेली चर्चा स्वीकारणे असे पर्याय उरले. मोझिला प्रकल्पाने त्यापूर्वीच, मार्च २०२० मध्ये, आपली आयआरसी सेवा बंद करून मॅट्रिक्सचा स्वीकार केला होता.