दंडावरचा पट्टा आणि मेंदूची नस

"दंडाचं रगात आडवल्यावर मेंदूला काय पोचणार?" उचगावात हा सवाल इतक्यांदा ऐकलाय की आता सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे. मेंदूचा झटका पुन्हा येऊ नये म्हणून करून बघितलेला हा उपचार असा: दंडाला बीपीच्या यंत्रासारखा पट्टा बांधून तो 200पर्यंत फुगवायचा, पाच मिनिटं हाताचं रक्त थांबवायचं, पाच मिनिटं सोडायचं. असं पाच वेळा. मेंदूतल्या धमन्या अरुंद झालेल्यांवर चीनमध्ये याचे मोठे प्रयोग झाले आहेत.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार धमन्या मानेतून वर जातात. त्यांतल्या मागच्या दोन हाताकडे जाणाऱ्या धमनीतूनच फुटतात, हे खरं. पण फुटतात त्या मानेच्या पायथ्याशी, आणि पट्टा असतो बराच पुढे, दंडावर. पाटाचं शेवटचं दारं बंद केलं म्हणून वरच्या रानाचं पाणी तुटतं का? उसाला पाणी पाजणाऱ्या माणसांना हे मी समजावून सांगायचं, म्हणजे कमाल आहे! हात निकामी होईल म्हणावं, तर हाताच्या ऑपरेशनमध्ये असाच पट्टा सलग तासभर आवळलेला असतो.

तरीही पटत नसेल तर 2022 साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त छापून आलेली चाचणी बघा. अशाच 3,033 पेशंटांपैकी निम्म्यांना वर्षभर खरा पट्टा बांधला, निम्म्यांना नुसता सैल फुगवलेला. उपचारामुळे गंभीर इजा झाल्याची नोंद नाही. दंड दुखतो, कातडीवर लाल ठिपके उठतात, एवढंच.

एवढं पटलं की तीच माणसं विचारतात, "मग गोळ्या बंद करू?" इथे मात्र डोकं फिरतं. अपाय नाही म्हणजे गुण येतोच, असं कुणी सांगितलं? 2012च्या 68 पेशंटांच्या अभ्यासात 300 दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण 26.7 टक्क्यांवरून 7.9वर आलेलं दिसलं, आणि आशा वाढली. पण 2022च्या त्या मोठ्या चाचणीत खरा पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांना झटका आला, नुसता सैल फुगवलेल्यांपैकी 19 टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय नेहमीची औषधं दोन्हीकडे चालूच होती. तेव्हा रक्त पातळ ठेवणारी, बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही.

घरचं बीपी मशीन या कामाचं नाही. ते मोजून झालं की आपोआप सैल होतं. टॉवेलनं दंड करकचून बांधणं तर त्याहून वाईट: शिरा दबतात, धमनी चालूच राहते, हात सुजतो. डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असेल, हाताच्या शिरेत गुठळी असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला पट्टा नको.

आणि झटका आल्यावर काहीजण पारव्याचं रक्त चोळतात, त्याचं काय? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पारवा शोधण्यात त्यातला एखादा तास सहज जातो.