माशीची मजुरी



गळाला गांडूळ लावून मासा धरणे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण पिसे, रेशीम आणि जरीची तार गळावर बांधून खोटी माशी करायची व तिने मासा भुलवायचा, ही विद्या पुष्कळांना नवी वाटेल. वस्तुतः ती फार जुनी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की, मॅसिडोनियातले लोक गळावर तांबडी लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधून मासे धरतात.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. नदीकाठी छडी घेऊन बसण्याचा शौक आम्हांला कधी परवडला नाही. पण जी वस्तू घरी बसून हाताने केली जाते, तिच्याकडे आमचे लक्ष आपोआप जाते.

बांधणी अशी. फिटरच्या बाकावर असतो तसाच, पण लहानसा व्हाइस मेजाला आवळायचा आणि त्यात गळ धरायचा. मेण लावलेला रेशमी दोरा दांडीवर गुंडाळत मागे न्यायचा. तेथे शेपटीसाठी पिसाचे चार तंतू बांधायचे. तेथून पुढे रेशमाचे अंग, अंगावर जरीच्या तारेचे तिरके वेढे. मग कोंबड्याच्या मानेचे पीस भोवती फिरवले की त्याचे तंतू पायांसारखे उभे राहतात. त्यावर पंख, शेवटी डोके, गाठ, आणि गाठीवर रोगणाचा थेंब. दोरा सर्व वेळ ताणलेला हवा. सैल पडला की सगळे सुटते. नवशिका हमखास एक चूक करतो : गळाच्या भोकापर्यंत सारे भरून टाकतो आणि डोके बांधायला जागाच ठेवत नाही.

ट्राउट माशासाठी केलेली माशी बहुधा खऱ्या किड्याची नक्कल असते. सॅमनचे तसे नाही. अंडी घालायला समुद्रातून नदीत आलेला सॅमन काही खात नाही. तरी झळकती माशी समोरून गेली की तोंड टाकतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश सॅमन-माश्या भरजरी असत, आणि त्यांत देशोदेशींच्या पाखरांची पिसे जात. आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या रानकोंबड्याच्या मानेचे, मेणाच्या थेंबासारखा ठिपका असलेले पीस त्यांत फार मानाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला आता अभय दिले आहे.

या कामात स्कॉटलंडच्या मेगन बॉइड यांचे नाव मोठे. १९१५ साली जन्मलेल्या या बाई ब्रोरा गावाजवळच्या एका झोपडीवजा घरात राहत. लहानपणी शेजारच्या एका रखवालदाराने त्यांना शिकवले. पद्धत साधी : जुनी माशी उसवायची आणि त्याच सामानातून आणखी लहान गळावर पुन्हा बांधायची. बांधलेले उसवून शिकणे म्हणजे काय, हे कोणत्याही शिंप्याला विचारावे. पुढे खिडकीच्या उजेडात बसून त्यांनी आयुष्यभर माश्या बांधल्या. राजपुत्र चार्ल्सही त्यांचे गिऱ्हाईक. १९७१ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. पण कुत्र्याकडे पाहायला कोणी नाही, म्हणून त्या ते घ्यायला लंडनला गेल्या नाहीत, असे सांगतात. त्यांनी स्वतः मात्र सॅमन कधी धरला नाही. २००१ साली त्या वारल्या.

बाईंनी भाव कधी फार चढवला नाही. आज संग्राहक त्यांच्या माश्या भारी किमतीला घेतात, पण ती किंमत बांधणाऱ्या हातापर्यंत पोचली नाही. तरी बाईंचे गिऱ्हाईक ओळखीचे होते आणि भाव त्यांचा स्वतःचा होता. केनियात निर्यातीसाठी माश्या बांधणाऱ्या कामगारांना नगावर मजुरी मिळते आणि माशी विकत घेणाराचे तोंडही दिसत नाही. आपल्याकडची विडी वळणारी बाई हजारावर मजुरी घेते. छाट निघाली की तिचा वेळ बुडाला. वस्तू निराळ्या, हिशेब एकच.

घरी काम करणाराला इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी, असा ठराव आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. घरी केलेले काम म्हणजे फावल्या वेळचे, असे आपण सहज म्हणून जातो. एकदा घड्याळ समोर ठेवून एक माशी बांधून पाहावी, किंवा शंभर विड्या वळून पाहाव्यात; मग मजुरीचा आकडा ठरवायला बसावे.